इंजिनाचे पैसे तुझ्या खात्यावर

मस्कत

सौ. विनितास,

मी मजेत आहे, वर्कशॉपला काम भरपूर आहे. तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, म्हणून सुट्टीवर निघालेल्या दिपेशकडे हे पत्र देतोय.

परवा तू होडीच्या इंजिनाचं बोलत होतीस, तेव्हा मागून तुझा दीर कुजबुजत होता, "वहिनी, डिजिटल कॉइनला हो म्हण ना." माझे कान अजून शाबूत आहेत.

प्रीतमचं म्हणणं खोटं नाही. थोडे पैसे मी तसे पाठवून पाहिले. माझा चहा संपायच्या आत त्याच्या फोनवर पोचले, खर्चही किरकोळ. इथला मनी एक्स्चेंजवाला बँकेत पैसे पाठवायला जास्त घेतो आणि दिवस लावतो. पण कॉइनचे रुपये करायला गिऱ्हाईक शोधावं लागतं. शेजारच्या खोलीतल्या माणसाला मिळालेल्या गिऱ्हाइकाचे पैसे चोरीचे निघाले, आणि गावी त्याच्या बायकोचं खातं बँकेने बंद केलं. आपलं तसं झालं, तर नारळी पौर्णिमेनंतर सगळ्यांच्या होड्या जातील आणि आपली किनाऱ्यावर राहील.

शिवाय आपल्याकडे मासळी पुरुष आणतो आणि पैसा बाई ठेवते. प्रीतमच्या फोनवर गेलेला पैसा तुला त्याच्याकडे मागावा लागेल. ते मला नको. म्हणून काल एक्स्चेंजमधून तुझ्या खात्यावर पाठवले. इंजिन त्याला निवडू दे, त्याला त्यातलं कळतं.

आईचा गुडघा कसा आहे? ती उठताना कण्हते, ते इथवर ऐकू येतं.

होडी निघाली की फोन कर. त्या दिवशी स्पीकर चालूच ठेव, मला इंजिनाचा आवाज ऐकायचाय.

तुझा,
जीवन