दादाचा काउंट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बासष्ट, व्यवसाय ड्रमवादन, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण ठीक आहे आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. इथे वकिलांनी ‘राजीखुशीने’ असा शब्द सांगितला होता. तो मी घातलेला नाही. मी घाबरून लिहितो आहे. येत्या मंगळवारी माझी छाती उघडून आतली एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, ‘‘काळजी कसली करता? हे आता रोजचं झालंय.’’ त्यांचे रोजचे असेल. माझे पहिलेच आहे.

टाईप करून घ्या, असेही वकील म्हणाले होते. पण टाईप करणाऱ्याने कलम पाच वाचून हसावे अशी माझी इच्छा नाही, म्हणून सगळे स्वहस्ते लिहिले आहे.

कलम एक, घर. हे घर माझे आणि माझ्या थोरल्या भावाचे, निम्मे-निम्मे. त्याला मी दादा म्हणत असे आणि पुढेही तसेच लिहीन. दादा गेल्या वर्षी वारला. त्याचा निम्मा हिस्सा वहिनींचा आहे, त्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहू नये. माझा निम्मा माझ्या पत्नीला मिळावा. ज्या मधल्या खोलीत ड्रमसेट आहे तिला दोन दारे आहेत. एक आमच्या बाजूला उघडते, दुसरे वहिनींच्या. दोन्ही दारांना आतापर्यंत कधी कडी लागली नाही, माझ्यामागेही लावू नये. मधोमध भिंत घाला असा सल्ला द्यायला नातेवाईक येतील. त्यांना चहा पाजावा आणि वाटेला लावावे.

कलम दोन, बँकेतली शिल्लक. ऑपरेशनचा खर्च जाऊन जे उरेल ते पत्नीचे. काही उरलेच नाही तर तिने मला बोल लावू नये. लावला तरी ऐकायला मी नसेन, मरणाचा तेवढाच फायदा मला आजवर सापडला आहे.

कलम तीन, ड्रमसेट. बेस ड्रम, स्नेअर, बाकीचे ड्रम, झांजा, स्टँड आणि बैठक, सर्व माझ्या मुलीला. ती दातांची डॉक्टर आहे आणि तिला साधा ठेकाही धरता येत नाही. पण लहानपणी आम्ही गात-वाजवत असताना ती बेस ड्रमला पाठ टेकून गाढ झोपायची. इतका विश्वास माझ्या वाजवण्यावर दुसऱ्या कोणी दाखवलेला नाही. तिने सेट सुटा विकू नये. बेस ड्रमच्या पोटात एक मळकी उशी कोंबलेली आहे, ती घाण म्हणून फेकू नये. ड्रमचा भरदार आवाज त्या उशीचाच आहे, मी फक्त पाय मारतो.

कलम चार, ऑर्गनवाला. आमच्या वाद्यवृंदात ऑर्गन वाजवणाऱ्या गृहस्थांना मी माझा मेट्रोनोम, म्हणजे ठोके मोजून देणारे यंत्र, देतो. त्यांनी ते रोज कानाशी धरावे. शेवटचे कडवे आले की हा मनुष्य गाडी चुकल्यासारखा पळत सुटायचा आणि कार्यक्रम संपल्यावर म्हणायचा, ‘‘आज ड्रम जरा मागे पडत होते.’’ लोकांना नवे आवाज हवेत ही आवई त्यानेच उठवली. सर्वांसमोर मला म्हणाला, ‘‘हा डबड्यांचा संसार कशाला ओढत फिरता? माझ्या एका बटणात सगळं मावतं.’’ त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

तोड दादाने काढली. तो गिटार वाजवायचा आणि वृंद त्याचा होता. म्हणाला, ‘‘नव्या सुनेला घरात जागा करून देऊ. त्यासाठी सासूला बाहेर काढायला लागत नाही.’’ मग आम्ही बाजारातले सर्वांत स्वस्त दोन इलेक्ट्रॉनिक पॅड आणि त्यांचा डबा आणला. पॅड म्हणजे बशीएवढी रबरी चकती. तिच्यावर काठी मारली की डब्यात साठवलेला आवाज बाहेर येतो. एक स्नेअरच्या डाव्या अंगाला बसवला, दुसरा झांजेच्या स्टँडला आवळला. माझे ड्रम जिथल्या तिथे राहिले आणि टाळ्या, घंटा, फुटणाऱ्या काचा हे सगळे नवे पाहुणे पॅडवर आले. स्वस्त पॅडला एक खोड असते. शेजारचा ड्रम जोरात वाजला की हादऱ्याने तो आपण होऊन बोलतो. एका विरहगीतात असाच मधेच काचेचा खळखळाट झाला. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे मी सायकलच्या ट्यूबचे तुकडे पकडीखाली घातले, डब्याची संवेदनेची कळ उतरवली आणि ती खोड मोडली. असे मला वाटले होते.

कलम पाच, पॅड व डबा. हे कलम लिहिताना मी आमच्या बाजूच्या खोलीत बसलो आहे आणि मधले दार पुढे ओढून घेतले आहे.

प्रत्येक गाण्याआधी दादा काउंट द्यायचा. एक, दोन, मग भरभर एक-दोन-तीन-चार, आणि आम्ही सगळे एकदम आत. मी जन्मात कधी काउंट दिलेला नाही. मग त्याची फुप्फुसे आटत गेली. तीनपर्यंत पोचायचा आणि खोकला यायचा. निम्मा वृंद सुरू झालेला, निम्मा त्याच्या तोंडाकडे बघतोय. तेव्हा एका बऱ्या दिवशी मी त्याचा काउंट डब्यात भरून घेतला. आधी त्याने घेतलेला लांब श्वासही त्यात आला. तो कापायचा मी खूप प्रयत्न केला, पण त्या डब्याची अक्कल तेवढी नाही. राहू दिला. दादा स्टेजवर नुसती मान हलवायचा, मी डावा पॅड मारायचो, श्वास यायचा, काउंट यायचा, गाणे सुरू व्हायचे. तो गेल्यावरही आम्ही तसेच सुरू केले. आमच्या कार्यक्रमांच्या चित्रफितींत दादा सगळीकडे दिसतो, पण बोलताना कुठेही नाही. त्याचा आवाज आता फक्त या डब्यात आहे.

वाजवणाऱ्याला एक गोष्ट हाडात मुरलेली असते: काउंट मिळाला की आत यायचे. विचार करायचा नसतो, नाही म्हणायचे नसते. हे ज्याला कळत नाही त्याला माझी भीती कळणार नाही.

छातीचे निदान झाले त्याच आठवड्यात मी दुपारी पडलो होतो. पत्नी कामावर गेली होती. मधल्या खोलीत दादाने श्वास घेतला. पाठोपाठ काउंट आला, आणि पांघरुणाखाली माझा उजवा पाय आपोआप हलला. धडपडत गेलो तर खोलीत कोणी नाही. काठ्या पिशवीत, पिशवी खुंटीला. ड्रमला कोणी शिवलेले नाही.

हादरा असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पॅड काढून वेगळ्या स्टँडवर लावला, खाली घोंगडी घातली. पुन्हा बोलला. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला म्हटले, एक दुपार तुझे मशीन बंद ठेव. त्या बिचाऱ्याने ठेवले. त्या दुपारीही दादाने श्वास घेतला. वहिनी त्यांच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी दारातून विचारले, ‘‘वहिनी, तुम्ही काही ऐकलंत?’’ त्यांनी वरही पाहिले नाही. ‘‘लग्न झाल्यापासून ऐकतेच आहे की, भाऊजी. या घरात दुसरं केलं काय?’’ दादा गेल्यापासून त्यांनी त्याचे नाव काढलेले नाही. त्याची गिटारही त्यांनी तेराव्या दिवसाच्या आतच वृंदातल्या एकाला देऊन टाकली. त्यांना जास्त काय विचारणार?

डबा बंद का केला नाही, असे पत्नी विचारते. बंद केला आणि दादा पुसला गेला तर? दुकानदार म्हणाला होता की आतले काही जात नाही. पण पकडी कधी ढिल्या होणार नाहीत असेही तोच म्हणाला होता. म्हणून काउंट भरल्यापासून डबा चालूच आहे, कार्यक्रमाला नेतानाही बॅटरीवर. बंद केला तर दादा जाईल ही एक भीती, चालू ठेवला तर तो मला घेऊन जाईल ही दुसरी. इकडे आड, तिकडे विहीर. त्यात भूल देताना म्हणे आकडे मोजायला लावतात. हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे.

सबब मी असे लिहून ठेवतो की मला मंगळवारी नेण्यापूर्वीच डब्यातले सर्व आवाज पुसून टाकावेत. कोणीही नक्कल ठेवू नये. मला माझ्या हाताने ते होणार नाही, मुलीने करावे. दादा, माफ कर. तू कधी चुकीच्या वेळी काउंट दिला नाहीस हे मला माहीत आहे, म्हणूनच तर घाबरतो. मला एवढ्यात यायचे नाही.

कलम सहा. वरील कलम पाचमधील डबा पुसण्याचा आदेश रद्द. त्यावर मी आज आडवी रेघ मारली आहे. रेघ वाकडी आली आहे. तेवढ्यावरून कोणी कोर्टाची पायरी चढू नये. कारण लिहून ठेवणे भाग आहे.

आज सकाळी वकील घरी आले. साक्षीला शिंपी आणि वहिनी, असे ठरले होते. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याने साक्षीची सही करायची नाही, हे वकिलांनी आधीच समजावले. मग ते एकेक कलम मोठ्याने वाचू लागले. पाचवे संपले आणि वहिनींनी पेनाला टोपण लावले.

‘‘मी सही करणार नाही.’’

वकील म्हणाले, ‘‘अहो बाई, नुसती साक्ष आहे. तुमचं यात घेणं ना देणं.’’

‘‘घेणं आहे. मला तो डबा हवाय.’’

पत्नी गोंधळली. ‘‘तुम्हाला? तुम्हाला तर त्या खोलीचा वैताग येतो ना?’’

वहिनी माझ्याकडे वळल्या. ‘‘दुपारी तुमचा डोळा लागला की मी जाते, भाऊजी. बोटाने हलकेच मारते. काठीने मारवत नाही. तुम्ही त्याला एवढे घाबरता हे ठाऊक असतं तर गेले नसते.’’

‘‘मी विचारलं तेव्हा तरी सांगायचंत!’’ माझा आवाज चढला. मला रागच आला होता. महिनाभर मी रोज थोडा थोडा मरत होतो.

‘‘काय सांगायचं? या वयात नवऱ्याला चोरून ऐकते म्हणून?’’ शिंपी उगाच खिडकीबाहेर बघत राहिला. ‘‘आणि मला त्या आकड्यांशी काय करायचंय? ते तुमचे, स्टेजवरचे. मला आधीचा तो श्वास ऐकायचा असतो. तोच ऐकत मी इतकी वर्षं शेजारी झोपले. श्वास झाला की दार ओढून परत येते. पुढचं मी ऐकत नाही.’’

मी सर्वांसमोर रडलो. जो श्वास कापायला मी धडपडलो होतो त्याच्यासाठी त्या रोज अनवाणी येत होत्या, आणि मी तो पुसायला सांगितला होता.

म्हणून आता असे: डबा व डावा पॅड वहिनींचा. माझ्यामागे नव्हे, आजपासून. तो त्यांच्या खोलीत नेऊन ठेवला आहे. मुलीने आज संध्याकाळी येऊन नक्कल करावी आणि तीही वहिनींनाच द्यावी. संवेदनेची कळ मी पुन्हा पूर्ण चढवली आहे, नुसते बोट टेकले तरी पुरे. यामुळे दार आपटले तरी पॅड आपण होऊन बोलेल. बोलू द्यावा.

वहिनींच्या जागी साक्षीला ऐनवेळी ऑर्गनवाल्याशिवाय कोणी मिळाले नाही. त्यांनाही काही मिळत असल्याने कलम चार रद्द करावे लागले, आणि मेट्रोनोम मी जिवंतपणीच त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चालू केला, कान लावला आणि म्हणाले, ‘‘हा जरा मागे पडतोय.’’

भीती गेलेली नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण आता ती फक्त ऑपरेशनची आहे, दादाची नाही. वकील कागद आवरत असताना मी वहिनींना म्हटले, ‘‘तिथे मोजायला सांगतील. मला काउंट देता येत नाही.’’

त्या म्हणाल्या, ‘‘आधी श्वास घ्या, भाऊजी. ते घ्यायचे तसा. मग आकडे आपोआप येतात.’’

मंगळवारी घाईत विसरायला नको म्हणून हे येथे लिहून ठेवले आहे.

ठिकाण: मधली खोली, दोन्ही दारे उघडी असताना
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार

लिहून ठेवणार: (सही) ड्रमवाला

आमच्यासमक्ष, भानावर असताना, सही केली:
१. (सही) खालच्या मजल्यावरील शिंपी
२. (सही) ऑर्गनवाला. ड्रमवाल्याने रडणे थांबल्यावर सही केली, हेही मी पाहिले आहे.