भेटीचा दिवस

मखमलाबाद, नाशिक

ज्ञानेश भाऊजी,

विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तुम्ही सख्ख्या भावाला, माझ्या नवऱ्याला, जिवे मारलंत, तेव्हा तुम्हाला फाशीच व्हावी म्हणून मी वकिलांच्या मागे लागले होते. मग आईंनी एकदाच विचारलं, "छाया, दोन्ही लेकरं माझ्याच डोळ्यादेखत जायची का गं?" त्यानंतर मी फाशीचं नाव काढलं नाही. तुमची दया मला तेव्हाही आली नव्हती.

दर महिन्याला आई नाशिकरोडच्या तुरुंगात तुमच्या भेटीला यायच्या. परतल्या की थेट झेंडूच्या वावरात जाऊन फुलं तोडत बसायच्या. मंगळवारी तिथेच त्यांनी प्राण सोडला. अग्नी मी दिला. भावकी म्हणाली, "ज्ञानेशला कळव, घटकाभर तरी सोडतील." मी म्हटलं, कळवलंय.

कळवलेलं नाही. हे पत्रही टाकणार नाही. भेटीच्या दिवशी तुम्ही आपलं नाव पुकारायची वाट बघाल. आई रागावली असेल, असं वाटेल तुम्हाला. पुढच्या महिन्यातही तेच वाटेल.

फाशी सरकारने एकदाच दिली असती. ही शिक्षा मला रोज उठून द्यावी लागणार आहे.

तुमची वहिनी,
छाया