क्लिओफसच्या फोटोखालची ओळ

३ मार्च २००९, मेम्फिस
पुन्हा तो संग्रहालयाचा माणूस! डेझमंड प्रुइट. आपल्यातलाच, काळा, पण बूट चकचकीत आणि तोंडात सारखं "मिस व्हर्लीन, मिस व्हर्लीन". जुन्या काळ्या पैलवानांचं प्रदर्शन आहे म्हणे, माझ्या नवऱ्याचे, क्लिओफसचे फोटो हवेत, आणि परवानगीची सही. केळ्याचं पुडिंग दोनदा मागून खाल्लं. इतकं गोड बोलणाऱ्याला मी लगेच सही देत नाही.

४ मार्च
फोटोखाली काय लिहिणार, ते विचारायचंच राहिलं.

७ मार्च
फोनवर विचारलं. म्हणाला, "'काँगोचा नरपशू'! लोक त्याच नावाने ओळखतात ना त्यांना."

लोक! माझा नवरा मिसिसिपीत कापसाच्या शेतावर जन्मला. काँगो मी नकाशात दाखवला तेव्हा त्याने पाहिला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं; मला तरी वाचायला कुणी शिकवलं? गोऱ्या मालकिणीने टाकलेल्या जंगलाच्या कादंबऱ्यांवर मी अक्षरं लावली. त्याची पत्रंही मीच लिहायचे.

चर्चमध्ये तो खर्जात गायला की बाक हलायचे. आणि पोस्टरवर काय — याला भाषा नाही, हा कच्चं मांस खातो! चारचौघांत तोंड उघडायचं नाही, ही कुस्त्या लावणाऱ्या हॅक्स्टनची अट. परगावी खानावळीत तो बोट दाखवायचा, मी मागवायचे. सतरा वर्षं. मग घरीही तेच. मीठ हवं — बोट.

त्याला जाऊन सहा वर्षं झाली. मीठदाणी अजून त्याच्याच बाजूला ठेवते.

११ मार्च
लोन्झोच्या सलूनमध्ये गेले. हे नाव ठेवलं कुणी, म्हाताऱ्यांना आठवत असेल म्हणून.

लोन्झो म्हणाला, "नाव कुणी का ठेवेना, व्हर्लीन! मर्द होता तुझा नवरा. एक शब्द नाही, नुसता गुरगुरायचा. गोरे टोप्या टाकून पळायचे!"

म्हटलं, "घरी न्हाणीघराची कडी लावून रडायचा. मर्दच ना?"

त्याने कात्री खाली ठेवली. मग लोन्झो हळूच म्हणाला, "मर्द मनातच ठेवतो गं."

हेच ते! गोरे ज्याला जनावर म्हणाले, त्यालाच आपली माणसं मर्द म्हणत आली. दोघांनाही तो गप्पच हवा होता.

१२ मार्च
नाव हॅक्स्टनचंच काम, दुसऱ्या कुणाचं? त्याचा मुलगा अजून जिवंत आहे. प्रदर्शनामागे तोच नसेल कशावरून? प्रुइटला सांगितलं — हे नाव ज्याने ठेवलं, त्याचं नाव आधी फोटोखाली लिही. मग सही.

"हॅक्स्टनचे कागद आहेत, बघतो," म्हणाला. आवाज जरा चाचरला. लपवतोय!

१९ मार्च
प्रुइटने पुडिंगला हात लावला नाही. हॅक्स्टनच्या कागदांतलं एक पत्र पुढे ठेवलं. एप्रिल १९५८, आमच्या लग्नानंतरचा महिना. "माझा नवरा दणकट आहे. त्याला 'काँगोचा नरपशू' म्हणून कुस्तीत उतरवा. बोलू देऊ नका, म्हणजे लोक जास्त घाबरतील."

अक्षर माझं.

मी ते क्लिओफसला वाचून दाखवलं असणार. पंचेचाळीस वर्षांत त्याने मला एकदाही सुनावलं नाही.

अट माझीच होती. त्याला फोटोखाली माझं नाव लिहायला लावलं. सही केली.