न जळालेली तीन यंत्रं

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, कालपर्यंत ट्रकवर क्लीनर आणि परवापासून मालवाहू जहाजावर खलाशी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवतो की मी परत आलो नाही तर माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे. (येणार आहेच. पण समुद्र अजून पाहिलेला नाही, म्हणून आपलं.)

१. वडिलांनी माझ्या नावावर केलेली वरची खोली, गॅलरीसकट, थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला. ताई सध्या तुरुंगात आहे. सुटेल तेव्हा तिला हक्काचं दार हवं. काकांचा खोलीवर डोळा आहे. "शिक्षा झालेल्या बाईला कशाला हवंय घर?" असं ते चारचौघांत बोललेत.

२. ताई आत का, तेही लिहितो. काकांच्या सुतारकारखान्याला आग लागली. सरकारी भरपाईच्या अर्जात काकांनी तीन यंत्रं जळाली म्हणून दाखवली. ती तिथे कधी नव्हतीच. हिशेब ताई बघायची. काका म्हणाले, "कर गं सही, सरकारला काय कळतंय!" स्वतः मात्र कुठेच सही केली नाही. चौकशी आली. वकील म्हणाले, "न वाचता केली म्हणा, सुटाल." ताई कोर्टात सरळ उभी राहिली. "वाचून केली. खोटं आहे हे माहीत होतं." दोन वर्षं. मागच्या बाकावर मी रडत होतो आणि छाती फुगली होती, दोन्ही एकदम.

३. मोटारसायकल, ती नेहमी दुरुस्त करून देणाऱ्या मेकॅनिकला. चढावर ती रुसते, तेव्हा तिच्याशी गोड बोलावं लागतं. एकदा घाटात... असो. वडिलांचा रंधा, करवत, पटाश्या ताईला.

~~४. काकांना: आगीत जळालेली तिन्ही यंत्रं, असतील तिथून, स्वखर्चाने उचलून न्यावीत.~~

कलम चार मी खोडले आहे. आत्ता भेटीला गेलो तेव्हा जाळीतून वाचून दाखवलं. ताई पोट धरून हसली. मग म्हणाली, "झकास आहे रे गाढवा. आता खोड."

"अगं, गंमत आहे!"

"नसलेली यंत्रं एकदा कागदावर चढवली म्हणून मी इथे आहे. आता तू नको चढवूस."

काकांना काही नाही.

ठिकाण: तुरुंगासमोरचं चहाचं दुकान
दिनांक: ९, शुक्रवार
सही: धाकटा

साक्षीदार:
१. चहावाला
२. शेजारचा चावीवाला

दोघंही घाईत होते. तरी पूर्ण वाचल्याशिवाय सही करू दिली नाही.