हिरव्या पट्ट्याचा पाहुणा

७ डिसेंबर, रविवार
आज स्वतःच्या हाताने माती केली. लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या सारवासारव नको.

पहाटे नांदूर मध्यमेश्वर. हे गाडी चालवत, मी कॅमेरा मांडीवर घेऊन. बोटं गारठून लाकूड. पाण्यावर पट्टकादंबांचा थवा. पांढऱ्या डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेली ही बदकाहून मोठी मंडळी, दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून आमच्याकडे उतरतात. त्यातल्या एकाच्या गळ्यात हिरवा पट्टा! प्लॅस्टिकचा, वर पांढरी अक्षरं. तिकडचे अभ्यासक घालतात म्हणे. अक्षरं वाचून कळवली की पक्षी कुठला ते समजतं. आजवर नुसतं ऐकून होते. एक फोटो मिळाला. स्क्रीनवर पाहिला तर चोचीचं टोक कापलेलं. आणि बोटाने डिलीट दाबलं.

दाबलं! मी! अक्षरं वाचायच्या आत!

अख्खी नोकरी प्रेसमध्ये नोटांचे ताव तपासण्यात गेली. डाग दिसला की ताव बाद, तिथे विचार करायचाच नसतो. मी निवृत्त झाले, बोट नाही झालं. मान वर करते तोवर पठ्ठ्या थव्यात मिसळलेला. मग दुपारपर्यंत नुसत्या पाठी आणि शेपट्या.

परत येताना सगळा राग ह्यांच्यावर काढला. बिचाऱ्यांचा काय दोष.

८ डिसेंबर
मुलीचा पुण्याहून फोन. "आई, डिलीट झालेलं परत काढता येतं. फक्त कार्डाला हात लावू नकोस."

हात काय, काल संध्याकाळीच फॉरमॅट मारून गच्चीवरचे पोपट काढले. कार्ड स्वच्छ. आमचं सगळंच स्वच्छ असतं.

१० डिसेंबर
ग्रुपवर लिहिलं, हिरव्या पट्ट्याचा पट्टकादंब पाहिला. लगेच डॉक्टरांचं उत्तर. डॉक्टर म्हणजे दातांचे, आमच्या पक्षीवाल्यांचे म्होरके, तोफेएवढी लेन्स. "छान! फोटो?" नाही म्हटलं. "मग नोंद धरता येणार नाही, काकू." ठीक, नियम आहे. पण खाली एकाने टाकलं, "निफाडची थंडी आहे, मफलर असेल!" आणि त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. डॉक्टरांचाही एक.

मफलर काय! थांबा लेको. फेब्रुवारीअखेर थवे परत निघतात. त्याच्या आत तो पट्टा आणून नाही दाखवला तर कॅमेरा विकून मिक्सर घेईन.

२१ डिसेंबर, रवि.
धुकं. पाणीच दिसेना. आवाज मात्र भरपूर, आँग आँग. आत कुठेतरी तो बसलाय आणि मी काठावर नाक पुसतेय. हे गाडीत पेपर वाचत. निफाडचा पारा पहिल्या पानावर आला, म्हणून खूश. जणू ह्यांनीच खाली आणलाय.

४ जानेवारी, रवि.
थवा मोठा झालाय. सगळ्यांचे गळे बघत बसले, डोळ्यांना पाणी. पक्षी बघायच्या मनोऱ्यावर डॉक्टर भेटले. "काय काकू, मफलरवाला?" मी म्हटलं, "आहे, स्वेटर विणायला गेलाय." हसले. मीही हसले. गाडीत आल्यावर रडायला आलं. एवढ्याशा गोष्टीसाठी! ह्यांनी थर्मासचं झाकण भरून चहा दिला.

एवढीशी नाही ती गोष्ट. माझं पाहिलेलं खोटं कसं? आयुष्यभर माझ्या नजरेवर प्रेसने विश्वास ठेवला.

२५ जानेवारी, रथसप्तमी
आज आमच्या सोसायटीचं हळदीकुंकू. शेवटचा दिवस, माझ्याकडे वाण वाटायचं काम. गेले नाही. बायका बोलणारच. बोलोत.

तर तिकडे पाणी रिकामं! उजाडल्यापासून पट्टकादंब एक नाही, नुसते वारकरी. म्हणजे काळी, कपाळाला पांढरा टिळा असलेली पाणकोंबडी. ढिगाने. उन्हं वर आल्यावर थवे आले ते थेट पल्याडच्या काठाला, आणि माना पंखांत घालून झोपले. झोपलेल्या पक्ष्याचा गळा कोण बघणार?

वाण शेजारणीने वाटलं. उद्या ऐकून घ्यावं लागेल.

१ फेब्रुवारी, रवि.
आजचा दिवस ह्यांचा.

मी काठावर, हे टपरीवर चहाला. परत आले ते धावतच. ह्यांना धावताना मी लग्नानंतर आज पाहिलं. "अगं, तुझे ते पक्षी हल्ली सकाळी पाण्यावर नसतातच! हरभऱ्यात असतात. टपरीवर शेतकरी शिव्या घालतायत." मी काठावर बसून डोळे फोडले आणि ह्यांनी कटिंग पिता पिता पत्ता आणला! रागही आला, मिठीही मारावीशी वाटली. टपरीसमोर कसली मारतेय.

शेतापर्यंत पोचलो तोवर थवा उठलेला. हरभऱ्याचे शेंडे कुरतडलेले, चिखलात पावलं.

८ फेब्रुवारी, रवि.
मिळाला! मिळाला! मिळाला!

नीट लिहिते. अंधारातच निघालो. द्राक्षबागांत अजून शेकोट्यांचा धूर. तेच शेत. बांधाला गाडी लावली, वाकून वाकून बाभळीपर्यंत गेले. गुडघ्यांनी नावं ठेवली. थवा समोर, कधी नव्हे इतका जवळ. पण माना सगळ्या खाली, चरणं चालू. हरभरा गळ्यापर्यंत. पाठी दिसतायत, गळा एकाचाही नाही.

तेवढ्यात शेतकरीणबाई आल्या, हातात तेलाचा रिकामा डबा आणि काठी. पाखरं हाकलायला. मी वाकूनच मागे आले, बांधावरच हात जोडले. "ताई, थोडं थांबा, एक फोटो!"

"तुमचा फोटू व्हईल, माझा हरभरा संपंल त्याचं काय? रोजचं हाय ह्यांचं."

"त्यातला एक गळ्यात पट्टा घातलेला आहे. तेवढा दिसू द्या."

"पट्टा? कुत्र्यावानी?" बाईंना हसू आलं. "कोनाचा हाय मंग? त्यालाच भरपाई मागते."

थांबल्या मात्र. मी कॅमेरा लावला. माना काही वर होईनात. इकडे बाईंचा पाय वाजतोय, तिकडे हरभरा चाललाय. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पक्षी दचकला की उडण्याआधी मान ताठ करतो! एवढे हिवाळे बघतेय आणि आत्ता सुचतंय. आजवर मीच सगळ्यांना गप्प बसवत आले. ह्यांना खोकूसुद्धा दिलं नाही.

"ताई, वाजवा!"

"आता थांबा म्हनलात ना?"

"वाजवा तुमचा डबा! जोरात!"

असा वाजवला बाईने, अख्ख्या हिवाळ्याचा राग काढून. सगळ्या माना एकदम वर. आणि मधोमध हिरवा! बटण दाबलं ते सोडलंच नाही. मग थवा उठला, डोक्यावरून गेला, पंखांचा वारा लागला. मी ओरडत होते. काय ते आठवत नाही. हे सांगतात, मी "घे मफलर!" ओरडत होते. असेन.

पाहिले फोटो. बहुतेक सगळे हललेले. एकच बरा. तोही तिरका, पुढे दुसऱ्याचा पंख, आणि चोच... कापलेली. बोट आपलं आपण निघालं होतं बटणाकडे. हातावर हात मारला स्वतःच्या. मोठं करून पाहिलं. पट्ट्यावरचं अक्षर न् अक्षर स्वच्छ!

बाईंना दाखवला. "बाई गं, खरंच की," म्हणाल्या. मग हरभऱ्याचा हिरवा जुडा दिला हातात. "ह्या चोरांनी ठेवला तेवढा न्या."

९ फेब्रुवारी
फोटो ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. लिहायची खुमखुमी होती, दाबली.

डॉक्टरांचा मेसेज नाही, फोनच आला. "काकू, मानलं. मफलरचं ते... सॉरी." मी म्हटलं, "असू दे हो." मोठेपणा केला. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. ह्यांनी पाहिली.

पट्टा घालणाऱ्या लोकांना मेल कसा करायचा, ते डॉक्टरांनीच सांगितलं. रात्री मुलीकडून लिहून घेतला आणि पाठवला. नाव माझं.

२२ फेब्रुवारी, रवि.
उत्तर आलं. मुलीने फोनवर वाचून दाखवलं, तिचा आवाज मध्येच बदलला. मग मी स्वतः वाचलं, पुन्हा वाचलं.

मंगोलियातल्या एका तळ्यावर पट्टा घातलेला. मादी आहे. सगळा हिवाळा मी 'पठ्ठ्या' म्हणत होते, ती बाई निघाली! आणि पट्टा घालून सोडल्यापासून ती कुणालाही, कुठेही दिसली नव्हती. मेली असंच धरून चालले होते. तुमच्या फोटोमुळे कळलं, जिवंत आहे, असं लिहिलंय.

माझ्या फोटोमुळे.

दुपारी राहवेना, गेलो. ऊन चटकायला लागलंय. हरभरा उपटून झालेला. पाण्यावर थोडेच उरलेत, त्यात ती नाही. निघाली, की पलीकडे कुठे चरतेय, कोण सांगणार. उन्हाळ्यात तिकडच्या तळ्यावर शोधू, दिसली तर कळवू, म्हणतात. दिसली तर.

हे म्हणाले, "पोचली की फोन करेल का गं तुझी पाहुणी?"

हसले. पण घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. मुलगी इथून पुण्याला निघाली तरी पोचल्याचा फोन येईपर्यंत मी आडवी होत नाही. आणि ह्या बयेच्या वाटेत हिमालय.

नीट जा बाई. पोचलीस की तिथल्या कुणाच्या तरी कॅमेऱ्यासमोर एकदा मान वर कर.