माझी आई मिठागर चालवते

सर,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायला कुणी शहाणं माणूस बसणार नाही. मी बसले आहे. ठाण्याच्या आपल्या शाळेत तुम्ही दर शनिवारी एक साधासा इंग्रजी शब्द फळ्यावर लिहायचात आणि त्याचे दहा उपयोग दहा वाक्यांत करून आणायला सांगायचात. अट एकच, वाक्यं पुस्तकातली नकोत, आपापल्या घरातली हवीत. ही पद्धत मला फार आवडायची, हे आधीच कबूल करते. तो शनिवार 'रन'चा होता. आम्हाला वाटलं, रन म्हणजे धावणे, संपलं. तुम्ही सांगितलंत, नळ रन होतो, सर्दीत नाक रन होतं, धुतल्यावर लुगड्याचा रंग, कल्याणची गाडी, आणि माणूस दुकान चालवतो तेसुद्धा रनच. एवढ्याशा शब्दाला इतकी कामं करताना बघून मी खुळावलेच.

दहावं वाक्य मी लिहिलं: माझी आई आमचं मिठागर चालवते. तुम्ही त्यावर लाल रेघ मारलीत. मिठागर वडिलांच्या नावावर आहे ना, मग ते चालवतात, आई मदत करते, तेव्हा 'हेल्प' लिही, असं म्हणालात. सर, बाबा दोन वर्षं खोकल्यानं अंथरुणाला खिळले होते. खाडीचं पाणी कधी आत घ्यायचं, मीठ कधी ओढायचं, कामावर कोण घ्यायचं, सगळं आई ठरवत होती. हे मी भर वर्गात सांगितलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "वाक्य बदलेपर्यंत वर्गात बसायचं नाही."

मी बदललं नाही. तीन दिवस व्हरांड्यात उभी आहे, पाय दुखतायत, आणि आतून तुमचा आवाज ऐकून सगळं वहीत उतरवते आहे. चौथ्या दिवशी शाळेचा निरोप मिळून आई येते, काम टाकून, पोटऱ्यांवर चिखल सुकलेला. काय झालं हे तिला ठाऊकही नाही. हात जोडून म्हणते, "मास्तर, पोरीचा काय चुकला आसल त पदरान घ्या." तुम्ही मला आत घेतलंत. रेघ राहिली तसं वाक्यही राहिलं. ते बरोबर होतं, सर. तुमच्या घरात कोण काय चालवत होतं ते तुमचं तुम्ही बघायचं होतं. आज पुन्हा वही पुढे केलीत तर मी तेच लिहीन आणि खुशाल बाहेर उभी राहीन.

पत्र पाठवायचं नाहीच आहे, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. ती तुमच्या माथी मारता येत नाही. त्या दिवशी शाळा सुटल्यावर आई फाटकापाशी थांबली होती. वर्गातल्या मुली तिच्या पायांकडे बघत चालल्या होत्या. तिनं विचारलं, "काय लिवलास गो येवरा?"

मी म्हटलं, काहीतरी चुकीचं लिहिलं होतं.