बोट दाखवून, मोठ्याने

खोडाळा, ता. मोखाडा
मार्गशीर्ष, शुक्रवार

चि. योगितास अनेक शुभाशीर्वाद.

येथे मी ठीक आहे. नागलीची भाकरी पचते; गुडघा मात्र थंडीत कुरकुरतो. तुझ्या आईच्या वर्षश्राद्धाची तारीख निश्चित झाली की कळवीन. जपानात बर्फ पडू लागला असल्यास कानटोपी वापरावी (कारखान्याचे हेल्मेट थंडीसाठी नसते, हे इंजिनिअरला सांगावे लागू नये).

'बाबा भिंतीशी बोलतात' असे ठकीमावशींनी तुला फोनवर सांगितल्याचे आणि त्यावरून तू नोकरी सोडून परत येण्याच्या विचारात असल्याचे समजले. त्याबाबत खुलासा करणे भाग आहे. मी भिंतीशी बोलत नाही. मी गॅसशी बोलतो, आणि तेही तुझ्याच शिकवणुकीने. तुमच्याकडे यंत्र सुरू करण्यापूर्वी प्रत्येक बटणाकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात, म्हणजे सवयीने होणारी चूक टळते, असे तूच व्हिडिओ कॉलवर करून दाखवले होतेस. (नळ उघडा टाकून शाळेत जाणारी मुलगी आता जपानी यंत्रांवर देखरेख करते, याचा मला त्या वेळी अचंबा वाटला, तो मी शिष्टाचारास्तव बोलून दाखवला नाही.) पद्धत मला शास्त्रशुद्ध वाटली. तेव्हापासून मी "गॅस बंद, बरोबर! कडी लावली, बरोबर!" असे म्हणूनच घराबाहेर पडतो.

ठकीमावशींनी हे कुंपणापलीकडून ऐकले. "काय वो गुरुजी, बोट कोणाला दावता? वयनी दिसते काय तुम्हाला?" असे त्यांनी विचारले. मी त्यांना जपानी औद्योगिक सुरक्षिततेची सविस्तर माहिती दिली. ती त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि पोशेऱ्याच्या भगताला निरोप धाडला. भगत माझा जुना विद्यार्थी निघाला. चहा पिऊन म्हणाला, "यांना काय झालं नाय, मावशे. वर्गात पण असंच बोट दावून वरडायचे."

पुढे हेमराजच्या जीपने जव्हारला जाण्याचा प्रसंग आला. मी चाकाकडे बोट दाखवून "हवा" इतके म्हणालो आणि मला शिंक आली. आत बसलेले सर्व प्रवासी खाली उतरले. मी "बरोबर" म्हणेपर्यंत कोणी चढेना. आता रोज सकाळी हेमराज दारात उभा असतो: "गुरुजी, बोट दावा ना, माणसं बसत नाहीत!" जव्हारला माझे काहीही काम नसताना मला चाके तपासण्यास जावे लागते. (या पदास वेतन नाही, अधिकार मात्र पुष्कळ आहेत.)

सारांश, मला वेड लागलेले नाही, आणि माणसांची वाणही नाही. तरी नोकरी सोडण्याचा विचार तू मनातून काढून टाकावास.

तुझा,
बाबा

ता.क. वर एक बाब राहून गेली. संध्याकाळी मी ताटाकडेही बोट दाखवतो. आई गेल्यापासून हात सवयीने दोन ताटे काढतो. "ताट एक, बरोबर" असे म्हटले की दुसरे मांडणीवरच राहते. तेथे 'बरोबर' जरा हळू निघते. ठकीमावशींनी बहुधा तेच ऐकले असावे.

पुन्हा ता.क. जानेवारीच्या आरंभी तुमचा कारखाना बंद असतो, असे तू म्हणाली होतीस. येणार असलीस तर आगाऊ कळवावे, आणि परतीचे तिकीट काढूनच यावे. ताटांचा आकडा बदलावा लागेल. तो मी इतक्या मोठ्याने म्हणेन, की ठकीमावशींनी पुन्हा भगताला बोलावले तरी माझी हरकत नाही.